तुटणारी कुदळ आणि मराठीतलं प्रोग्रामिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोयच नाही, म्हणून माझा नववीतला भाचा कूलरसमोर बसून माइनक्राफ्ट या गेमचा मॉड, म्हणजे गेममध्ये आपला बदल करणारा छोटा प्रोग्राम, बनवत होता, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेमध्ये. या गेममध्ये हिऱ्याची कुदळ १५६१ वेळा वापरली की तुटते, लोखंडाची २५० ला, सोन्याची तर ३२ लाच. त्याला हवं होतं की त्याची कुदळ गायब न होता नुसती निकामी व्हावी म्हणजे दुरुस्त करता येईल. दोन दिवस अडला पोरगा! त्याला वाटलं आकडा कमी होत शून्यावर येतो, पण आत उलटंच असतं, झीज शून्यापासून वाढत जाते आणि कमाल आकड्याला पोचली की वस्तू मोडते. मग त्याने एक वापर बाकी असतानाच झीज थांबवली अन् खोदणं बंद केलं. गेममधले इलायट्रा नावाचे पंखही असेच वागतात, ४३२ पैकी १ उरला की उडणं बंद, पण पंख शाबूत.

हे मी जवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सांगितलं तर म्हणे गेमचं इथं काही नाही. फार वाईट वाटलं. अहो, अट लावणं, चूक शोधणं, हेच तर प्रोग्रामिंग ना? पण सगळी माहिती इंग्रजीत, पोरं अर्ध्यावर सोडतात. आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठीतून असं एखादं सदर सुरू करा, ही कळकळीची विनंती.

– एक मावशी, धरमपेठ, नागपूर