कार्ड उघडण्याआधी वायर मोजणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून सीताबर्डीतले दुरुस्तीवाले भाऊ एवढंच लिहितो. ओळखणारे ओळखतील. तोंडावर आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही "जाऊ द्या ना बाप्पा" म्हणून पुढचं गिऱ्हाईक घेतलं असतं. शिवाय तुम्ही नेमकं काय केलं ते माझ्यासारखी जुनी, दोन चिपची ग्राफिक्स कार्डं बाळगून असलेल्या इतरांनाही कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

कार्ड एएमडीचं रेडिऑन आर९ २९५एक्स२. एप्रिल २०१४ मध्ये आलं तेव्हा किंमत दीड हजार डॉलर. माझ्याकडे आलं ते सेकंडहँड, त्याच्या कितीतरी खाली. एका बोर्डावर 'हवाई' जातीच्या दोन चिप, प्रत्येकीची स्वतःची ४ जीबी मेमरी. जाहिरातीतले ८ जीबी ही कागदावरची बेरीज, कारण एकाच दृश्याची तीच माहिती दोन्हीकडे पुन्हा भरावी लागते. गेम खेळायला आज हे कार्ड कोणी घेऊ नये असंच मी सांगेन. पण मी घरांच्या आराखड्यांचं रेंडरिंग करतो, म्हणजे आराखड्यावरून खरं वाटेल असं चित्र तयार करतो. तिथे दोन्ही चिप एकमेकींसाठी न थांबता आपापला तुकडा पुरा करतात, आणि म्हणूनच तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबत असतात. गेममध्ये असा अखंड भार क्वचितच पडतो.

माझं दुखणं असं होतं की रेंडर लावला की थोड्या वेळात अख्खं मशीन धाडकन बंद पडायचं. तुमच्याआधी जिथे दाखवलं तिथे निदान आधी झालं आणि तपासणी झालीच नाही. "कार्ड उडालं", "चिप रीबॉल करावी लागेल" (म्हणजे चिप उपसून तिच्याखालचे सोल्डरचे ठिपके नव्याने घालायचे). एकजण तर हीट गन हातात घेऊनच बोलत होता. तुम्ही कार्डाला हात लावला नाही. एवढंच विचारलंत, "केबल किती लावल्या याला?"

मशीन जोडून देणाऱ्या दुकानाने एकच लावली होती. एक टोक एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये, आणि दुसरीकडे एकामागोमाग दोन आठ पिनचे कनेक्टर. कार्डावरचे दोन्ही सॉकेट भरलेले दिसतात, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काही खटकतही नाही.

मग तुम्ही जुन्या बिलाच्या पाठीवर जो हिशेब मांडलात, तो मी जपून ठेवला आहे. कार्डाची भूक ५०० वॅट. १२ व्होल्टने भागले की जवळपास ४२ अँपिअर. मदरबोर्डच्या स्लॉटमधून यातले फार तर साडेपाच मिळतात. उरलेले ३६ त्या एका केबलने आणायचे. आठ पिनच्या कनेक्टरात १२ व्होल्टच्या तारा तीनच असतात. बाकी पाच ग्राउंडच्या, त्यातही दोन तर कुठला कनेक्टर लागला आहे हे कार्डाला कळावं एवढ्याचसाठी. म्हणजे एका तारेवर १२ अँपिअर. दोन स्वतंत्र केबल असत्या तर सहा. प्रवाह निम्मा झाला की तारेत आणि पिनेत तयार होणारी उष्णता पावपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. शाळेच्या विज्ञानातला नियम. पण तो तुमच्या टेबलावर पहिल्यांदा कामाला लागलेला पाहिला.

हिशेबावर थांबला नाहीत तुम्ही. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर काढलात (साधा टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो, हेही तेव्हाच कळलं), तिन्ही तारा एकत्र धरल्या आणि रेंडर लावायला सांगितलंत. आकडा तिशीच्या पुढे सरकला आणि मशीन बंद. मग एसएमपीएसवरचा स्टिकर माझ्यासमोर धरलात. वर मोठ्या अक्षरात १००० वॅट, पण खाली १२ व्होल्टच्या वेगवेगळ्या रेल, म्हणजे वीज देण्याच्या वेगळ्या वाटा, आणि प्रत्येकीची मर्यादा ३० अँपिअर. सगळा भार एकाच रेलवर येत होता आणि एसएमपीएस इमानदारीने स्वतःला वाचवत होता. केबल उपसली तर त्या टोकाचं प्लास्टिक पिनांभोवती तपकिरी पडलेलं. तेव्हाचं तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहितो : "कार्ड जितं आहे भाऊ. ते मागून राहिलं तितकं त्याच्यापर्यंत पोचूनच नाही राहिलं."

घरी आल्यावर जरा वाचलं. कार्डाचा स्लॉट ज्या पद्धतीचा असतो त्या पीसीआय एक्सप्रेसच्या नियमाप्रमाणे स्लॉटचे ७५ आणि आठ पिनच्या प्रत्येक कनेक्टरचे १५० वॅट, म्हणजे दोन कनेक्टरच्या कार्डाची हद्द ३७५ वॅटची. एएमडीने ती सरळ ओलांडली होती, आणि सोबत अट घातली होती की पॉवर सप्लायने प्रत्येक कनेक्टरला २८ अँपिअर आणि दोन्ही मिळून किमान ५० अँपिअर द्यायला हवेत. कनेक्टरमधलं धातू नियमातल्या आकड्यापेक्षा जास्त सोसू शकतं, या भरवशावर केलेलं धाडस होतं ते. अट पाळली तर चालतं. पण अट कागदावर राहते, आणि सेकंडहँड कार्डासोबत कागद येत नाही.

दुसरी केबल दुसऱ्या रेलवर लावली आणि मशीन बंद पडायचं थांबलं. तिथेच पैसे घेऊन मला वाटेला लावलं असतंत तरी मी खूश होतो. पण तुम्ही ते चालू ठेवलंत आणि अर्ध्या तासाने म्हणालात की चिप गार आहेत, मधला भाग नाही.

या कार्डाचं हेच मला सर्वांत रंजक वाटतं. त्याला पाण्याचं कूलिंग आहे असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. असेटेकने बनवलेल्या बंद यंत्रणेत दोन्ही चिपवर एकेक पंप बसतो, आणि पाणी १२० मिलिमीटरच्या एकाच रेडिएटरमधून फिरतं. ते फक्त चिपची उष्णता उचलतं. मेमरी, दोन चिपना स्लॉटशी जोडणारी पीएलएक्सची ब्रिज चिप आणि १२ व्होल्टचे साधारण सव्वा व्होल्टच्या आत आणणारं व्हीआरएम, हे सगळं मधल्या एका पंख्याच्या हवाली.

आणि व्हीआरएमचं काम सोपं नाही. भिंतीच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर सगळं मशीन मिळून तीन-साडेतीन अँपिअर घेतं. त्यातली कार्डाच्या वाट्याची ताकद १२ व्होल्टवर कार्डापाशी चाळीसच्या घरात जाते, आणि व्होल्टेज उतरवून चिपच्या पायथ्याशी पोचते तेव्हा एकेका चिपला दीडशे अँपिअरच्या पुढे प्रवाह लागतो. कुठलीही एक मॉस्फेट (प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हे पेलू शकत नाही, म्हणून काम अनेक फेजमध्ये वाटून, आळीपाळीने चालू-बंद करत केलं जातं. शंभरातले दहा वॅट वाटेत वाया गेले असं धरलं, तर ४०० वॅटमागे ४० वॅट नुसते त्या मधल्या पट्टीत. तुमच्या भाषेत, झाकणाखाली सोल्डरिंग आयर्न विसरून राहिल्यासारखं.

माझ्या कार्डात त्या पंख्याखाली धुळीची गादी होती आणि थर्मल पॅड (गरम भागांची उष्णता हीटसिंकच्या धातूकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळून खडखडीत. तुम्ही पॅड बदलताना जाडी मोजूनच कापलीत : पातळ झाला तर हीटसिंक टेकत नाही, जाड झाला तर स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो. पंप मात्र उघडले नाहीत. रेडिएटर कानाशी धरून हलवलात, पाण्याची खळखळ ऐकलीत आणि "अजून आहे" म्हणालात. हात कुठे घालायचा नाही हे ज्याला कळतं त्या माणसाकडे वस्तू बिनघोर सोपवता येते.

मी शहाणपणा करून सुचवलं होतं की रेडिएटरचा पंखा उलटा करून बाहेरची हवा त्यातून आत घेऊ, पाणी आणखी गार राहील. तुम्ही नको म्हणालात. पाणी गार राहील, पण रेडिएटरमधून तापून आलेली हवा थेट व्हीआरएमच्या पंख्याला मिळेल. त्यापेक्षा रेडिएटर वर ठेवून हवा बाहेर फेकू द्या आणि समोरून आणखी एक पंखा आत फुंकणारा लावा. हे मला कुठल्याच चाचणीच्या लेखात वाचायला मिळालं नव्हतं.

त्या लेखांत नागपूरचा मे महिनाही नसतो. या कार्डावर चिपची मर्यादा ७५ अंश. त्याच चिपच्या एकट्या, हवेवर चालणाऱ्या २९०एक्सला ९५ पर्यंत मुभा होती. परीक्षण २२ अंशांच्या खोलीत झालं असेल तर पाण्याला ५३ अंशांचा उतार मिळतो. माझ्या खोलीत दुपारी ४० असतात, म्हणजे उतार उरतो ३५ चा. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद दोन तृतीयांशावर येते. मग चिप आपोआप वेग कमी करते आणि आपण कार्डाला शिव्या घालतो. तुम्ही ड्रायव्हरमध्ये पॉवर लिमिट २० टक्क्यांनी उतरवून दिलंत. उन्हाळ्यात एवढं, पावसाळा लागला की परत वर. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण खालच्या वेगाला व्होल्टेजही कमी पुरतं, त्यामुळे वेगापेक्षा वीज जास्त वाचते. कूलर लावला की खोली जरा उतरते आणि कार्डही.

त्या दिवशी गिऱ्हाईक नसताना तुम्ही जुन्या जोडकार्डांवर बोलत बसलात, ती मैफल वेगळीच. एनव्हिडियाच्या २०११ च्या जीटीएक्स ५९० वर व्होल्टेज चढवून परीक्षकांनी ती कशी जाळली. २०१२ च्या जीटीएक्स ६९० मध्ये दोन चिपना स्वतंत्र व्हेपर चेंबर (आतल्या वाफेने उष्णता पसरवणारी चपटी पेटी), मध्ये एक पंखा आणि सगळं ३०० वॅटमध्ये बसवलेलं. तुमचं मत ६९० च्या बाजूने होतं. माझंही तेच झालं आहे. २९५एक्स२ थरारक आहे, ६९० समजूतदार आहे. त्याच कंपनीच्या तीन हजार डॉलरच्या टायटन झेडवर तुम्ही फक्त हसलात.

बिलात पॅड, पंखा आणि एक केबल एवढंच होतं. मोजण्याचे पैसे विचारले तर विषय बदललात. म्हणून एक परतफेड करतो, आवडेल की नाही माहीत नाही. येत्या आठवड्यात माझ्या ओळखीचा एक मुलगा रेडिऑन एचडी ६९९० (हेही दोन चिपचंच) घेऊन येईल. मशीन गरम होतं आणि आवाज फार करतं, ही तक्रार. मी त्याला विचारलं की कार्डावरचा, वीजमर्यादा ठरवणारा बायोसचा छोटा स्विच ३७५ वॅटच्या बाजूला आहे की ४५० च्या. तो म्हणाला, "कुठला स्विच?" केबल किती लावल्या तेही विचारलं. तो म्हणाला, "एकच आहे, पण जाड आहे."

सांभाळून घ्या.

आपला,
२९५एक्स२ वाला