दोष दाखवण्यालाही क्रम आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) हिशेबाचा किंवा कुणाच्या वागणुकीचा प्रश्न निघाला की ‘न्याय करू नका’ हे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायातले पहिले वचन हमखास पुढे केले जाते आणि विषय तिथेच दबतो. निदान पाचव्या वचनापर्यंत तरी वाचावे. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असे प्रभू येशू सांगतात. म्हणजे कुसळ काढायचेच आहे, फक्त आपले मुसळ काढून झाल्यावर. पुढे १५ व १६ व्या वचनांत तर खोटे संदेष्टे त्यांच्या फळांवरून ओळखा, असे बजावले आहे. पारख केल्याशिवाय ते कसे जमणार?

हे मुसळ अज्ञानामुळे राहते असेही नाही. बायबलच्या २ शमुवेल या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाला सांगतो की, मोठ्या कळपांच्या एका धन्याने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक मेंढी मारली. दावीद भडकतो, त्या माणसाला मरणास पात्र ठरवतो आणि चौपट भरपाई सांगतो. मेंढरामागे चौपट, हे मोशेच्या नियमशास्त्राला (निर्गम २२:१) धरूनच आहे. नियम पाठ, संताप खरा, आणि आपल्याच सैनिकाची, उरीयाची, हिरावून घेतलेली बायको स्वतःच्या घरात! म्हणून ज्या दोषाची आपल्याला सर्वांत जास्त चीड येते, तो आधी स्वतःत शोधावा.

त्यानंतरच्या पायऱ्या मत्तय १८:१५-१७ मध्ये आहेत. आधी दोघांनीच एकांतात बोलायचे. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचे. तरीही नाही, तर मंडळीला सांगायचे. बिघडते ते पहिल्याच पायरीला. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून त्या माणसाचे नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते, आणि त्याला स्वतःला ते सर्वांत शेवटी कळते. दुसऱ्या पायरीला लोक आपल्याच बाजूची माणसे नेतात. साक्षीदार असा हवा, की चूक आपली असेल तर आपल्यालाही तोंडावर सांगेल. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात खोट्या साक्षीदाराला आरोपीसाठी योजलेलीच शिक्षा आहे, ती उगाच नव्हे.

पाळक (धर्मगुरू) आणि वडील (मंडळीचे पुढारी) यांच्याबाबत १ तीमथ्य ५:१९ हे वचन वारंवार ऐकवले जाते: दोन-तीन साक्षीदारांवाचून आरोप घेऊ नये. बरोबर. पण पुढच्याच वचनात पाप करत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमोर दाखव आणि २१ व्या वचनात पक्षपात करू नको, असे आहे. आधीचे वाचायचे आणि ही दोन गाळायची, ही लबाडी आम्हाला मुसळाहून लहान वाटत नाही.

एक गोष्ट मात्र या पायऱ्यांवर सोडताच येत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा होते. अशा वेळी पीडित मुलाला आरोपीसमोर ‘एकांतात समेटाला’ बसवू नये आणि मंडळीच्या बैठकीची वाटही पाहू नये. तक्रार त्याच दिवशी द्यावी.

आपले,
मंडळीतील काही वडीलजन