आबांचा बांध गेला

जालना,
१८ फेब्रुवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर दिले नाही याची बोच होतीच, पण आज लिहायला बसलो आहे ते त्यासाठी नाही. आबांचा बांध गेला. तूर सोंगून झाल्यावर भावकीने मोजणी आणली आणि मागच्या मंगळवारी जेसीबीने एका सकाळीत बोर, तरवड, रुई सगळे उपटून रान सपाट केले. घरी सांगितले तर 'बांधच ना?' म्हणाले, आणि त्यांचे काही चुकले नाही. तू मात्र त्या बांधावर दोन हंगाम काढले आहेस. बोरीच्या काट्यांत तुझा सदरा अडकला आणि काकूंनी कात्री आणून तुला सोडवले, ती बोरसुद्धा आता नाही.

मला पोखरते आहे ते वेगळेच. पोळ्याच्या सुमारास आबांनी विचारले होते, "पोरा, इतकी वर्षं इथं बसून माश्या मोजतोस, मला एवढंच सांग, बांध ठेवू का जाऊ देऊ?" मी म्हणालो, "आणखी एक हंगाम मोजू द्या, मग खात्रीने सांगतो." बांधापासून आत जावे तशा पराग वाहणाऱ्या रानमाश्या विरळ होतात हे माझ्या वह्यांत दिसत होते, पण त्यातले किती बांधामुळे आणि किती आबा फवारणी बेताने करतात म्हणून, हे वेगळे काढता येत नव्हते. शास्त्र म्हणून ते उत्तर बरोबरच होते. परवा आबा म्हणाले, "मी आडवा पडलो असतो रे, पण कशाच्या जोरावर?" त्यांना माझ्याकडून प्रबंध नको होता, शब्द हवा होता, आणि तो मी दिला नाही.

आता कांद्याचे डोंगळे ऐन फुलात आहेत. कांद्याच्या फुलाचा पराग आधी झडतो आणि त्याच फुलातले स्त्रीकेसर नंतर तयार होते, त्यामुळे माशी या फुलावरून त्या फुलावर गेली नाही तर बी भरत नाही. काल सकाळी नऊ ते साडेदहा डोंगळ्यांत बसून राहिलो. फुलोरी माश्या आल्या, थोड्याच, आणि आग्या किंवा भुंगा एकही नाही. पलीकडच्या शेतात फुलकिड्यांसाठी भर फुलोऱ्यात फवारा चालू होता. एका सकाळीवरून काही ठरवू नये हे मला कळते, तरी रुईवर भुंगे घोंगावायचे तो आवाज मी दीड तास शोधत होतो.

तू म्हणशील, पेट्या आणा. या वादावर आपण औरंगाबादच्या स्टँडवर शेवटची गाडी घालवली होती आणि माझे मत अजून तेच आहे. पेटीतली मधमाशी कांद्याचे काम करील, पण काकूंच्या वांग्याचे नाही; वांग्याच्या फुलाचा पराग बारीक छिद्रातून पडतो, तो थरथरवून झाडावा लागतो आणि ते मधमाशीला येत नाही, ते काम भुंग्याचे किंवा जमिनीत बीळ करून राहणाऱ्या माश्यांचे. पेट्या फुलोरा संपला की ट्रकमधून निघून जातात. बिळांना न नांगरलेली जमीन लागते, आणि आबांच्या रानात ती बांधावरच होती.

तुझ्या जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी अभ्यासकांचे मला फार आठवते आहे. संरक्षित क्षेत्रांतल्या ६३ जागांवर सापळे लावून त्यांनी २०१७ मध्ये दाखवले की २७ वर्षांत उडत्या कीटकांचे वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटले. कारण त्यांनाही नक्की सांगता आले नाही, तरी ते बोलले. मी मात्र कारण सापडेपर्यंत गप्प बसलो. तू असतास तर बोलला असतास का? हे मला खरोखर विचारायचे आहे, मनाला बरे वाटावे असे उत्तर देऊ नकोस.

प्रकृती ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. चिनूची शाळा सुरू झाली असेल. तिला मराठी लिहायला लाव, मी वाचीन. नोकरीचे पक्के झाले का ते कळव.

येत्या रविवारी आबांकडे जाणार आहे. विहिरीकडची पट्टी तरी नांगरू नका, तिथे तरवड आणि रुई वाढू द्या, असे या वेळी सरळ सांगणार आहे. पुरावा आहे तेवढाच आहे, हेही सांगीन.

आणखी एक. उकरलेल्या ढेकळांत एक वाळकी पोकळ काडी सापडली, आत तुरीच्या पानांचे लांबट-गोल तुकडे विडीसारखे गुंडाळून केलेली चार घरे. पानकापी माशीची, तू ज्यांच्यासाठी दुपारभर उन्हात पडून असायचास तीच. काडी बरणीत घालून वर मलमल बांधली आहे. काल तोंडाकडच्या घरातून एक माशी बाहेर आली. तोंडाकडे नर असतात, तेव्हा हा नरच असावा, पण चेहऱ्यावरचे केस पाहून तूच ठरव. फोटो वेगळा पाठवला आहे. उरलेल्या तीन माश्या बाहेर आल्या की आबांच्या विहिरीवर सोडीन.

तुझा,
विनय