बोथेचं बेरिलियम

सातारा

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, दीड वर्ष मोजत बसले आणि रिसर्च पेपर त्या दुसऱ्या गटाचा आधी आला." मला काही सुचेना. आईने फोन घेतला ते बरं झालं. रात्री मात्र तुझ्याच हायडेलबर्गचा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाल्थर बोथे आठवला.

१९३० साली त्याने आणि बेकरने पोलोनियमचे अल्फा कण बेरिलियमवर सोडले. आतून असं काही निघालं की शिशालाही जुमानेना. गॅमा किरण असणार, असं त्यांनी धरलं. १९३२ मध्ये चॅडविकने दाखवलं, ते न्यूट्रॉन होते, विद्युतभार नसलेले कण. नोबेल अर्थात चॅडविकला. बोथेच्या तोंडात घास होता गं, चव ओळखता आली नाही. तुझं तसं नाही. तू बरोबर ओळखलंस, उशीर झाला एवढंच.

बोथे हा क्वांटम सिद्धांतवाल्या प्लांकचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात रशियनांच्या हाती लागला, सैबेरियात कैदेत गणितं सोडवत बसला, रशियन शिकला. परत आल्यावर गायगरबरोबर त्याने साधी युक्ती काढली: कण टिपणारे दोन काउंटर ठेवायचे, दोन्ही एकाच वेळी वाजले तरच नोंद करायची. ऊर्जेची अक्षय्यता फक्त सरासरीने पाळली जाते, असं तेव्हा अणूचा आराखडा मांडणारा खुद्द नील्स बोर म्हणत होता. या जोडगोळीने १९२५ मध्ये दाखवलं, प्रकाशकण आणि इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक टकरीत हिशेब चोख असतो. पुढे १९२९ मध्ये कोलहॉर्स्टरबरोबर, अवकाशातून येणारे विश्वकिरण किती आरपार जातात हे पाहायला, त्याने दोन काउंटरांमध्ये चार सेंटिमीटर जाडीचं सोनं ठेवलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "आणि नंतर ते सोनं कुणाकडे गेलं?"

हायडेलबर्गच्या विद्यापीठात नाझींच्या बाजूच्या लोकांनी त्याला टिकू दिलं नाही. वैद्यकीय संशोधनाच्या संस्थेत आसरा मिळाला. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ग्रॅफाइट किंवा जड पाणी लागतं. तिथे १९४१ मध्ये त्याने ग्रॅफाइट न्यूट्रॉन किती शोषतं ते मोजलं आणि ते अणुभट्टीला निरुपयोगी ठरवलं. ग्रॅफाइट पुरेसं शुद्ध नसावं. जर्मन मग जड पाण्याच्याच मागे राहिले. वर्गात हे शिकवताना मी दरवेळी अडखळायचो, नाझींच्या अणुप्रयत्नांच्या आड आलेल्या या चुकीबद्दल हळहळायचं कसं?

१९५४ मध्ये त्याला नोबेल मिळालं, ते त्या दोन काउंटरांच्या युक्तीबद्दल. तेव्हा तो इतका आजारी होता की स्टॉकहोमला जाता आलं नाही.

ती संस्था नेकारजवळ अजून आहे म्हणे, नाव बदललंय. जमलं तर बाहेरून एक फोटो काढून पाठव. आईने मेतकूट आणि भाजणी कुरियरने धाडलीय. पोचली की कळव. आणि तुझी मोजमापं मलाही पाठव, आकडे वाचायला मला वेळच वेळ आहे.

तुझा,
बाबा