इम्पॅक्ट प्लेअरचा नियम दुखापतीपुरताच ठेवावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयपीएलमधील ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा, म्हणजे सामना सुरू असताना अकरांतील एकाच्या जागी राखीव खेळाडू आणू देण्याचा, नियम २०२७च्या हंगामापर्यंत कायम राहील, असे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवले आणि त्यानंतर या विषयावरची गंभीर चर्चा जवळजवळ थांबली. मुदत संपत आली की आहे तेच पुढे चालू ठेवण्याची आपल्याकडची सवय पाहता, नियमाचा फेरविचार आताच व्हायला हवा असे वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच. माझे म्हणणे एवढेच आहे की, सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलण्याची मुभा दुखापतीसाठी असावी, डावपेचासाठी नसावी.

या नियमाची दोन्ही रूपे २०२३च्या सलामीच्या सामन्यातच, ३१ मार्चला अहमदाबादमध्ये, एकाच रात्री दिसली होती. चेन्नईने प्रथम फलंदाजी केली, अंबाती रायुडू खेळून झाला आणि क्षेत्ररक्षणाची वेळ येताच त्याच्या जागी आपल्या मुंबईचा तुषार देशपांडे आयपीएलमधील पहिला इम्पॅक्ट प्लेअर म्हणून गोलंदाजीला आला. गुजरातचा केन विल्यमसन मात्र सीमारेषेवर षटकार अडवण्याच्या प्रयत्नात गुडघा दुखावून बाहेर गेला होता आणि त्याच्या जागी साई सुदर्शनने फलंदाजी केली. विल्यमसनच्या जागी दुसरा फलंदाज मिळण्याला कोणाही समंजस प्रेक्षकाचा आक्षेप असणार नाही. रायुडूला मात्र काहीही झाले नव्हते. त्याच्याकडून हवे ते काम संघाने करून घेतले होते, एवढेच.

पुढील हंगामांत विल्यमसनसारखे प्रसंग अपवाद ठरले आणि रायुडूचा प्रकार रोजचा झाला. नाणेफेकीनंतर कर्णधार अकरा जणांबरोबर पाच राखीव नावे देतो आणि त्यांतील एकाला कोणत्याही षटकाच्या शेवटी किंवा गडी बाद झाल्यावर आत आणू शकतो. कागदावर यात डावपेचांना बराच वाव दिसतो. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ प्रत्येक संघ एकच गोष्ट करतो: प्रथम फलंदाजी असेल तर एक जादा फलंदाज खेळवून डाव संपल्यावर त्याला बसवायचे आणि गोलंदाज आणायचा, प्रथम गोलंदाजी असेल तर याच्या उलट. म्हणजे दोन्ही संघ बारा जणांनी खेळतात आणि ज्याला आपण डावपेच म्हणतो तो खरे तर मध्यंतरात भरायचा एक फॉर्म झाला आहे. कर्णधाराची खरी कसोटी अकरा नावे लिहिताना लागत असे. एक फलंदाज वाढवला तर पाचवा गोलंदाज कोण, हा प्रश्न त्याला रात्रभर छळत असे. तो प्रश्नच नियमाने काढून टाकला.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२२च्या हंगामात दोनशे किंवा त्याहून अधिक धावसंख्या १८ वेळा झाली होती. नियम आल्यावर २०२३ मध्ये, तेवढ्याच सामन्यांत, ती ३७ वेळा झाली आणि २०२४ मध्ये ४१ वेळा. बंगळूरुने २०१३ मध्ये पुण्याच्या संघाविरुद्ध केलेल्या २६३ धावांचा विक्रम अकरा वर्षे टिकला होता. हैदराबादने तो २०२४ मध्ये २७७ धावा करून मोडला आणि तीन आठवड्यांच्या आत २८७ धावा करून स्वतःचाही मोडला. पाटा खेळपट्ट्या आणि आखूड सीमारेषा हेही यामागे आहे, हे मान्य. परंतु आठव्या क्रमांकावरही फलंदाजच येणार आहे हे ठाऊक असताना पहिल्या षटकापासून बॅट फिरवायला भीती कसली? विकेट गेल्याचे मोल कमी झाले, त्यामुळे ती घेण्याचेही मोल कमी झाले.

याहून मोठे नुकसान अष्टपैलूंचे आहे. रोहित शर्माने एप्रिल २०२४ मध्ये या नियमाविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली, तेव्हा शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजी करायला मिळत नाही, हेच कारण दिले होते. (पुढे मुंबईने खुद्द रोहितलाच अनेकदा इम्पॅक्ट प्लेअर म्हणून वापरले, ही गंमत निराळी.) विराट कोहलीनेही त्याच्याशी सहमती दाखवली. दुबेचे उदाहरण तर लख्ख आहे. चेन्नईने त्याला मुख्यतः फिरकीपटूंवर तुटून पडण्यासाठी वापरले, त्याच्या हाती चेंडू क्वचितच दिला. आणि त्याच उन्हाळ्यात राष्ट्रीय निवड समितीने त्याला टी-२० विश्वचषकासाठी अष्टपैलू म्हणून निवडले. ज्याने दोन महिने गोलंदाजी जवळजवळ केलीच नाही, त्याच्याकडून विश्वचषकात षटके टाकून घेण्याची अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माझ्या पिढीला येथे एकनाथ सोलकर आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडविरुद्धच्या १९७१च्या ओव्हल कसोटीत त्याने पहिल्या डावात तीन बळी घेतले, ४४ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा झेल झेप घेऊन टिपला. २७ कसोटींत ५३ झेल घेणाऱ्या या माणसाला निव्वळ फलंदाज किंवा निव्वळ गोलंदाज म्हणून कोणी पहिल्या पसंतीने निवडले नसते; तो संघात होता, कारण तिन्ही कामे मिळून त्याच्याइतके उपयोगी कोणी नव्हते. कसोटी आणि वीस षटकांचा खेळ यांची सरसकट तुलना करता येत नाही, हे मला समजते. तरीही आजच्या नियमात सोलकरची जागा एक फलंदाज आणि एक गोलंदाज वाटून घेतील आणि फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, कोण उभे राहणार, हा प्रश्न कोणी विचारणारही नाही. क्षेत्ररक्षण न करता केवळ फलंदाजीला येणारा खेळाडू ही कल्पनाच मला क्रिकेटच्या स्वभावाविरुद्ध वाटते.

नियमाच्या बाजूने बोलणारेही जाणकार आहेत आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. रविचंद्रन अश्विनने ध्रुव जुरेलचे उदाहरण दिले आहे. २०२३ मध्ये जुरेल राजस्थानसाठी प्रथम इम्पॅक्ट प्लेअर म्हणूनच खेळला, पंजाबविरुद्ध १५ चेंडूंत नाबाद ३२ धावा केल्या आणि वर्षभरात भारताचा कसोटी यष्टिरक्षक झाला. कोलकात्याच्या सुयश शर्माचे पदार्पणही असेच झाले. पण नव्या खेळाडूंना संधी हाच या नियमाचा खरा हेतू असेल, तर जेथे नवे खेळाडू घडतात त्या सय्यद मुश्ताक अली या देशांतर्गत टी-२० स्पर्धेतून मंडळाने तो २०२४-२५च्या हंगामात का काढला? हा नियम २०२२ मध्ये प्रथम त्याच स्पर्धेत आजमावला गेला होता. महिला प्रीमियर लीगमध्ये तो आणलाच गेला नाही. एकाच मंडळाच्या तीन स्पर्धांत एकच नियम एके ठिकाणी हितकारक आणि दोन ठिकाणी अनावश्यक कसा, याचे उत्तर मिळायला हवे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेही २००५ मध्ये एकदिवसीय सामन्यांत ‘सुपरसब’ आणून पाहिला होता. त्यात बदली खेळाडूचे नाव नाणेफेकीपूर्वी द्यावे लागे, त्यामुळे नाणेफेक हरणाऱ्या संघाचा बदली बहुधा निरुपयोगी ठरे. तो प्रयोग वर्षभराच्या आत गुंडाळला गेला. आयपीएलने ही तांत्रिक चूक सुधारली, पण अकरांच्या खेळात बारावा कशासाठी, हा मूळ प्रश्न तसाच ठेवला.

गंमत म्हणजे, जेथे बदली खेळाडूची खरोखर गरज असते तेथे क्रिकेट अजूनही विलक्षण कंजूष आहे. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला ऋषभ पंत पायाचे हाड मोडलेले असताना लंगडत फलंदाजीला उतरला. पुढच्याच कसोटीत, ओव्हलवर, इंग्लंडचा ख्रिस वोक्स निखळलेला खांदा स्वेटरआड झोळीत बांधून आला. आपण टाळ्या वाजवल्या, त्या योग्यच होत्या. पण अशा वेळी बदली खेळाडू मागण्यात गैर ते काय? आपल्या मंडळाने २०२५-२६ पासून अनेक दिवसांच्या देशांतर्गत सामन्यांत गंभीर दुखापतीसाठी समान कौशल्याचा बदली खेळाडू मान्य केला आहे, हे पाऊल स्वागतार्ह आहे.

अशा सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, ही शंका खोटी नाही. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळल्यानंतर त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि भारताने इंग्लंडविरुद्धचा तो सामना १५ धावांनी जिंकला. सामनाधिकाऱ्यांची परवानगी होती, तरी पूर्णवेळ वेगवान गोलंदाज हा दुबेचा समकक्ष कसा, हा इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार जोस बटलर याचा आक्षेप मला भारतीय चाहता असूनही रास्त वाटला. त्यामुळे नियम सैल नको. स्वतंत्र डॉक्टरांची तपासणी, समान कौशल्याची काटेकोर अट आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला निदान सात दिवस सक्तीची विश्रांती, एवढे केले तर कोणताही संघ चांगल्या खेळाडूला खोटे आजारी पाडणार नाही.

जाहिरातदारांना ‘इम्पॅक्ट प्लेअर’ हे नाव हवे असेल तर तेही खुशाल ठेवावे. विल्यमसनच्या जागी आलेल्या सुदर्शनला ते शोभलेच होते. मंडळाने २०२८च्या हंगामासाठी नियमावली ठरवण्यापूर्वी दहाही संघांच्या कर्णधारांची आणि प्रशिक्षकांची लेखी मते मागवून ती प्रसिद्ध करावीत, कारण खेळाडूंचे म्हणणे आजवर मुलाखतींतूनच तुकड्या-तुकड्यांनी कळत आले आहे. लिलावाची तयारी सुरू होण्याआधी हे झाले, तर संघांनाही आपले अष्टपैलू सोडायचे की राखायचे, हे वेळेवर ठरवता येईल.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, दादर, मुंबई