सूचना : पुस्तकपेटी आणि नोंदींच्या मदतीत बदल, तुमचं मत पायजे

नमस्कार मंडळी, सांगली-मिरज-तासगाव भागातल्या सगळ्या ग्रंथपाल आणि कार्यवाहांनी हे नीट वाचा, नुसता अंगठा टाकून पुढं जाऊ नका.

आपली फिरती पुस्तकपेटी आता महिन्याऐवजी दोन महिन्यांनी बदलायची असं चाललंय, टेम्पोचं भाडं परवडेना म्हणून. दुसरं म्हणजे ई-ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकांच्या नोंदी करायला जो मुलगा यायचा तो इथून पुढं फोनवरच मदत करणार. माझं विचाराल तर हे जमणारं नाही, कारण २०१९ च्या पुरात ज्यांची दाखल रजिस्टरं (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन नोंद करायच्या वह्या) भिजली त्यांची शाई अशी पसरलीय की ३ आहे का ८ तेच कळत नाही, ते पान मध्ये ठेवून दोघं बसल्याशिवाय दाखल नंबर लागत नाही, आणि 'ड' वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात छोट्या वाचनालयात तर झाडलोटीपासून वर्गणीपर्यंत एकच माणूस, तो फोन कधी धरणार?

अनुदान आणि तपासणी १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडंच आहे, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, उगा अफवा नकोत.

तर पेटी किती दिवसांनी पायजे, त्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जास्त का कथा-कादंबऱ्या, टेम्पोला थोडी वर्गणी काढायची तयारी आहे का, हे रविवारपर्यंत इथंच टाका, टाईप होत नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल. आणि मागची पेटी ज्यांच्याकडं अडकलीय त्यांनी ती आधी पाठवा की राव, पुढचं गाव वाट बघतंय.