गादी घेताना आपल्याकडचा पाऊसही बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या खानापूर तालुक्यातनं लिहितोय. विषय घरगुती आहे पण खूप घरात हेच चाललंय म्हणून कळवावंसं वाटलं. मागच्या दिवाळीला ऑफर बघून आम्ही ईएमआयवर दोन फोमच्या गाद्या आणि स्टोरेजवाला बॉक्सचा बेड घेतला, दुकानात सांगितलं की एकदम कडक आहे पाठीला बरी, आणि आम्हीही आईच्या जुन्या कापसाच्या गाद्या माळ्यावर टाकून दिल्या.

थंडीत काही वाटलं नाही. मे महिन्यात मात्र पाठीखाली घाम साचून रात्री दोन-तीनदा जाग यायला लागली, आणि जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा मुलीला सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका. एक दिवस गादी उचलून बघितली तर खालच्या प्लायवर तळहाताएवढे काळे बुरशीचे डाग, गादीची खालची बाजू हाताला ओलसर लागत होती. आमच्याकडं कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, त्यात बंद बॉक्सवर जाड फोम टाकला तर हवा फिरणार कुठनं?

यामागचं कारण साधं आहे. झोपेत आपल्या अंगाचं तापमान रात्रीतनं साधारण एक डिग्रीनं उतरतं, हातापायातनं उष्णता बाहेर पडते तेव्हाच झोप गाढ लागते, आणि फोमची गादी, त्यावर पॉलिस्टरची चादर, वर पॉलिस्टरचंच ब्लँकेट असलं की ती उष्णता आणि घाम तिथंच कोंडतो. दुसरं म्हणजे डस्ट माइट, डोळ्याला न दिसणारे किडे, ते अंगाच्या झडलेल्या कातडीवर जगतात आणि दमट हवा त्यांना पाहिजेच. शिंका, दमा यांच्यामागं बऱ्याचदा तेच असतात. चादरी, उशीची अभ्रे आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुतली तर ते मरतात, नुसत्या झटकण्यानं जात नाहीत.

आणि कडक गादीच पाठीला चांगली हेही सगळं खरं नाही. २००३ साली स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ जणांवर अभ्यास झाला होता, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना दुखण्यात जास्त आराम मिळाला. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा थोडा रुतेल अशी गादी आणि मान सरळ राहील एवढी उंच उशी लागते, उताणं झोपणाऱ्याला त्याहून कमी. म्हणजे एकाच घरात नवरा-बायकोची उशीसुद्धा वेगळी पाहिजे, हे आपण कधी बघतच नाही.

फोम सगळाच वाईट असं माझं म्हणणं नाही, आणि गाठी झालेल्या कापसाच्या गादीवर तर झोपूच नये. पण ती गादी टाकायची नसते, पिंजून घ्यायची असते! आम्ही निपाणीकडच्या पिंजारीमामांना बोलावलं, त्यांनी पडवीत गादी उसवली, दगडासारख्या झालेल्या गाठी मशीनमधनं पिंजून काढल्या, तोच कापूस दुप्पट फुगला, मग नवं खोळ घालून दाभणानं टाके मारले. लहानपणी कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजायची तो आवाज आता नाही, पण काम तेच. बेडच्या प्लायला सुताराकडनं भोकं पाडून घेतली, ऊन पडलं की गादी अंगणात, आणि पांघरायला आईनं तिच्या इरकल साड्यांची शिवलेली वाकळ. चार थर सुती कापडाचे असल्यानं ऊब देते पण घामेजत नाही. महिन्याभरात मुलीच्या शिंका बऱ्याच कमी आल्यात आणि मीही पहाटेपर्यंत झोपतोय.

साहेब, पिंजारी आता शोधून सापडत नाहीत, मुलं दुसऱ्या कामाला लागली, कारण आपणच काम देणं बंद केलं. वाकळ शिवणाऱ्या बायकाही गावागावात अजून आहेत, पण त्यांना विचारतंय कोण? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ही कामं कोण करून देतं, कुठल्या बाजाराला येतात, एवढं दिवाळीच्या आधी आपल्या पेपरात छापता आलं तर बघा, आमच्या गल्लीतच पाच घरं विचारतायत.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका